जिन्याच्या पाळीची पाटी

“वरून खाली ये. कोपरे आधी, मधला भाग मागाहून. आणि पाणी दर मजल्यावर बदल, पोरी. वरच्यांचा चिखल खालच्यांच्या वाट्याला जाता कामा नये.”

मित्रांनो, हा आवाज नेटा लॅमंट यांचा. आमच्या जिन्यात नवं बिऱ्हाड आलं की नेटा त्या घरच्या बाईला एवढंच सांगायच्या आणि मला तिच्या हातात द्यायच्या. मी एक जुनी पाटी आहे. तळहाताएवढी, पत्र्याची, वर दोरीचा फास असलेली. ग्लासगो शहरात महापालिकेने भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या एका तीन मजली इमारतीत माझं सगळं आयुष्य गेलं.

माझा जन्म गोदीत झाला. नेटांचे यजमान आर्ची तिथे जहाजांना रंग देण्याच्या कामावर होते. इमारत तेव्हा नवीकोरी होती. एकाच खोलीत आठ-आठ माणसं कोंबलेल्या जुन्या वस्तीतून लोक इथे राहायला आले होते. घरात नळ, घरात न्हाणीघर, खिडकीतून दिसणारं आकाश, याचं त्यांना फार अप्रूप होतं. पण जिना सगळ्यांचा होता, म्हणजे कुणाचाच नव्हता. “मी धुतला, आता तुमची पाळी,” “छे, मागच्या खेपेला आम्हीच धुतला,” अशी कुरबुर रोज चालायची. नेटांना ती ऐकवेना. त्यांनी यजमानांना सांगितलं, “काहीतरी करा. देवाने दिलेल्या घरात भांडण नको.”

मग आर्चींनी उरलेल्या पत्र्याची एक पट्टी कापली, तिच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, तिला गडद हिरवा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत लिहिलं : ‘या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची.’ ती मी.

माझं काम सोपं होतं. ज्या घराची पाळी, त्या दाराच्या मुठीला मी लटकायची. त्या घरच्या बाईने जिना धुवायचा. धुऊन झाला की मला काढून शेजारच्या दाराला अडकवायचं आणि दारावर दोनदा टकटक करायची. दार उघडायचं. “आली का तुझ्याकडे?” “आली बाई.” मग गुडघ्याचं दुखणं, मुलांचा खोकला, नवऱ्याची नोकरी, सगळं तिथेच दारात उभ्याने बोलून व्हायचं. चहाला आत बोलावण्याइतका वेळ कुणाकडे नसे, आणि निरोप न घेता दार लावून घेण्याइतकं कुणी कोरडंही नसे.

जिना धुवायचा तो शनिवारच्या आत. रविवारी काम करायचं नाही, त्या दिवशी प्रार्थनेला जायचं, आणि घाण जिना उतरून देवाच्या दारी जायचं नाही, असा नेटांचा नेम. आधी सोड्याच्या पाण्याने घासायचं, मग फडक्याने पुसायचं, आणि शेवटी प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना पांढऱ्या मातीने वेलबुट्टी काढायची. तुमच्याकडे उंबऱ्यावर रांगोळीच्या रेघा ओढतात ना, तशीच. प्रत्येक बाईचा हात वेगळा. कुणाच्या रेघा सरळ, कुणाची वळणं गोल. पायऱ्या पाहून कुणीही सांगू शकायचं की मागच्या आठवड्यात मी कुणाच्या दारावर होते.

त्या काळी आमच्या जिन्यात सगळ्या तऱ्हेची माणसं राहत. एक शाळामास्तर होते, एक गोदीतला मुकादम, एक ट्रामचा कंडक्टर, आणि एक बाई दुसऱ्यांच्या घरी धुणी करणारी. पाळी सगळ्यांना सारखी होती. मास्तरांची बायको गुडघे टेकून पायऱ्या घासायची आणि धुणीवाली वरून जाताना म्हणायची, “तिथे राहिलंय बघा, मास्तरीणबाई.” दोघी हसायच्या. एकदा महापालिकेचे साहेब इमारती तपासायला आले. आमचा जिना पाहून त्यांनी टोपी काढली आणि माझ्यावर बोट टेकवून म्हणाले, “ही कुणाची कल्पना?” आर्ची लाजून बूट पाहत राहिले. माझ्या आयुष्यातला तो मोठा मान.

पुढे दिवस बदलले. मास्तर निवृत्त होऊन समुद्राकाठी राहायला गेले. मुकादमांनी शहराबाहेर बाग असलेलं घर घेतलं. आर्ची देवाघरी गेले. हातात चार पैसे आले की लोक निघून जात, आणि त्यांच्या जागी जास्त गरजू येत. एक घर मात्र गेलं नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर उजव्या हाताचं, रेनींचं.

त्या घरात इझबेलचा जन्म झाला होता. आई-वडिलांच्या माघारी घराचा भाडेकरार तिच्या नावावर आला. ती नर्स झाली, मग मोठ्या इस्पितळाची मेट्रन झाली. तिचा नवरा डूगल रेनी समुद्रातल्या तेलविहिरींवर इंजिनियर होता. महिना तिकडे, महिना घरी. खाली रस्त्यावर त्यांची मोटार उभी असायची. उजव्या हाताची घरं मोठी, डाव्या हाताची लहान. रेनींचा मुलगा परदेशी गेला, आणि त्या ऐसपैस घरात दोघंच उरली.

त्यांच्या समोरचं दार सेंगा मॅकफीचं. डाव्या हाताचं, म्हणजे एक झोपायची खोली, एक बसायची, आणि चिंचोळं स्वयंपाकघर. तिचा नवरा टॅम बस चालवायचा. त्यांना तीन मुलं. रात्री बसायच्या खोलीत गाद्या अंथरायच्या आणि सकाळी कोचामागे उभ्या करायच्या. मोठ्या घरासाठी त्यांनी महापालिकेत नाव घातलं होतं. सेंगा कामावरून येताना खाली नेटांच्या दारात थांबायची, त्यांचं दूध-पाव आणून द्यायची, औषध घेतलं का ते विचारायची. नेटांना स्वतःचं मूल नव्हतं.

मित्रांनो, आता माझ्या पडत्या काळाची गोष्ट सांगते. ती कुणाच्या दुष्टपणाने झाली नाही.

मेट्रन झाल्यावर इझबेलचं काम वाढलं. कंबरही दुखायला लागली. पाळी चुकली तर लोक म्हणतील, मोठी झाली आणि जिना विसरली, या भीतीने तिने एक बाई ठरवली. बीनी नावाची, दुसऱ्या वस्तीतली, कामाला वाघीण. इझबेलने तिला सांगितलं, “माझ्या दारावर ही पाटी दिसली की जिना धुवायचा.” पाटी पुढच्या दारावर नेऊन अडकवायची, हे सांगायचं मात्र राहिलं. आमच्याकडे ते कुणाला सांगावं लागतच नसे. बीनीने जिना लखलखीत धुतला आणि मला पुसून, पुन्हा त्याच मुठीला अडकवून ती गेली. पुढच्या आठवड्यात आली, तर मी तिथेच. तिने पुन्हा धुतला.

असं काही आठवडे चाललं. एके दिवशी मोटारीच्या किल्ल्या शोधता शोधता इझबेलचं माझ्याकडे लक्ष गेलं.

“अरे डूगल, ही पाटी अजून आपल्याच दारावर कशी?”

डूगल आतून म्हणाला, “ती बाई दर आठवड्याला येतेय. राहू दे की. सगळ्यांचंच काम वाचतंय, आणि आपल्याला परवडतं.”

इझबेल क्षणभर थांबली. मग तिलाही ते पटलं. शेजाऱ्यांवर उपकार होतोय असं तिला मनापासून वाटलं, आणि ती कामावर गेली.

पहिल्यांदा जिन्यात सगळे खूश झाले. मग हळूहळू गंमत ओसरली. टॅम वर चढताना मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, “बूट हातात घ्या रे पोरांनो, मेट्रनबाईंचा जिना आहे. डाग पडला तर सुई टोचतील.” मुलं खिदळायची. सेंगा हसायची नाही. पूर्वी ती इझबेलला “अगं” म्हणायची, आता समोरासमोर आली तर “काय, बऱ्या आहात ना?” म्हणून दार लावून घ्यायची. बीनी पांढऱ्या रेघा काढायची नाही, तिला ते माहीतच नव्हतं. दारांवरची टकटक बंद झाली. जिना इतका स्वच्छ कधी नव्हता, आणि इतका मुकाही कधी नव्हता. एकाच मुठीला लटकून माझा रंग एका बाजूने घासला गेला. हलती पाटी टिकते, मित्रांनो. एका जागी राहिलेली गंजते.

त्याच दिवसांत दोन गोष्टी घडल्या.

पहिली ही, की महापालिकेने सेंगाला मोठं घर देऊ केलं. पण ते शहराच्या पार टोकाला, उघड्या माळावर. टॅमला डेपो गाठायला पहाटे बसच मिळाली नसती. मुलांची शाळा सुटली असती. नेटांच्या दारात संध्याकाळी कोण थांबणार, हा प्रश्न वेगळाच. नाही म्हटलं तर नाव यादीच्या तळाला. महिनाअखेर हो की नाही सांगायचं होतं.

दुसरी ही, की महापालिकेच्या भाडेकरूंना राहतं घर विकत घेता येईल, असं सरकारने जाहीर केलं. डूगलच्या ते डोक्यात भरलं. नवं दार कुठल्या रंगाचं बसवायचं, हेसुद्धा त्याने ठरवून टाकलं.

ही दुसरी गोष्ट जिन्यात सगळ्यांना कळली. पहिली रेनींना कळलीच नाही.

एका शनिवारी सकाळी जिन्यावर काठीचा आवाज आला. नेटा वर येत होत्या. दर पायरीला थांबत, कठड्याला धरत. वरच्या मजल्यावर पोचून त्यांनी श्वास घेतला, मला मुठीवरून काढलं आणि रेनींच्या दारावर दोनदा टकटक केली. इझबेलने दार उघडलं.

“मिसेस लॅमंट, तुम्ही कशाला चढलात? हाक मारायची ना.”

“मला एक विचारायचं होतं पोरी,” नेटा शांतपणे म्हणाल्या. “ही माझ्या दारावर कधी येणार?”

“तुम्हाला आता कुठे जिना धुवायला लावायचा? बीनी करते ना.”

“अगदी छान करते. पण मी अजून मेले नाहीये.” नेटांनी मला उलटसुलट करून पाहिलं. “माझ्या गुडघ्यांनी एक मजला धुवायला सकाळ जाते. त्या सकाळी येणारं-जाणारं प्रत्येक जण माझ्याशी बोलतं. हिवाळा उलटला, माझ्याशी कुणी जिन्यात बोललं नाही. कारण मी जिन्यात नव्हतेच.”

इझबेलचा चेहरा उतरला. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. सेंगा धुण्याची टोपली घेऊन बाहेर आली होती.

“बरं झालं मिसेस लॅमंट, तुम्हीच बोललात,” ती म्हणाली. “आम्ही बोललो तर म्हणतील, पोटात दुखतंय.”

“सेंगा, मी चांगल्यासाठीच केलं गं.”

“माहितेय मला. तुम्ही सगळं चांगल्यासाठीच करता. आता घरही घेताय म्हणे. छान आहे. पैसे आहेत, घ्या. उद्या जिनाही घ्या. आम्हाला काय, आम्ही चाललोच आहोत माळावर.”

“माळावर? कुठल्या माळावर?”

सेंगाने टोपली खाली ठेवली. मग सगळं सांगितलं. घर, डेपो, शाळा, महिनाअखेर. बोलताना तिने नेटांकडे पाहिलं नाही.

इझबेल म्हणाली, “हे इतकं सगळं झालं आणि तू मला बोलली नाहीस?”

“कधी बोलणार? तुम्ही पहाटे जाता, अंधार पडल्यावर येता. आपण बोलायचो ती पाटी देताना. मी टकटक करायचे, तुम्ही गाऊनमध्ये बाहेर यायचात, पाच मिनिटं व्हायची. ती पाच मिनिटंसुद्धा त्या बीनीबाईने धुऊन टाकली.”

आतून डूगल येऊन दारात उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने आपली बाजू मांडली. “सेंगा, आम्ही भाडं वेळेवर भरतो, कुणाच्या तोंडचं काढून खात नाही. कमावती माणसं सगळी निघून गेली, तर या इमारतीकडे महापालिका ढुंकून तरी बघेल का? मागच्या वर्षी गळणाऱ्या छपरासाठी चार वेळा कचेरीत कोण गेलं?”

“तू गेलास,” सेंगा म्हणाली. “मी नाही म्हणतच नाही. तुम्ही जाऊ नये असंच मला वाटतं. पण डूगल, तुमच्या मागच्या दोन खोल्यांत काय आहे रे?”

डूगलने इझबेलकडे पाहिलं.

“मुलाची सायकल आहे,” इझबेलने हळूच सांगितलं. “आणि इस्त्रीचं टेबल.”

“माझी तिघं एका गादीवर आडवी झोपतात,” सेंगा म्हणाली. “मी काही मागत नाहीये. तू विचारलंस म्हणून सांगितलं.”

ती इझबेलला पुन्हा ‘तू’ म्हणाली, ते माझ्या लगेच लक्षात आलं.

नेटा कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी मास्तर इथेच राहायचे, आणि धुणीवालीही इथेच. मास्तरांनी जावं असं कुणाला कधी वाटलं नाही. पण मास्तरांची दोन्ही मुलं गेल्यावर त्यांनी खालचं लहान घर घेऊन आपलं मोठं तिथल्यांना दिलं होतं. अशा अदलाबदलीला महापालिका परवानगी देते. दोन्ही घरच्यांच्या सह्या लागतात.” एवढं बोलून त्यांनी मला काखेत धरलं आणि काठी टेकत उतरायला लागल्या. सेंगा त्यांचा हात धरायला गेली, तर म्हणाल्या, “सोड. पाळी माझी आहे.”

त्यामुळे पुढचं बोलणं मला पूर्ण ऐकू आलं नाही, पण जिना पोकळ असतो, आवाज खाली येतो. डूगल म्हणत होता, “अगं, तुझ्या आईचं घर आहे ते.”

“आईचं नव्हतं रे,” इझबेलचा आवाज आला. “आईला मिळालं होतं. कुणाला तरी मिळायचं होतं, ते तिला मिळालं.”

“मग जाऊ ना आपण इथून. परवडतं आपल्याला. बागेचं घर घेऊ.”

“मला नाही जायचं. मी इथली आहे. जास्तीची जागा सोडायची, डूगल. जिना नाही सोडायचा.”

मग डूगलचा आवाज : “त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात मी वळणार कसा?”

“टॅम वळतो, आणि तो तुझ्या दुप्पट आहे,” सेंगा म्हणाली. मग तिचा आवाज एकदम ताठ झाला. “पण ऐक इझबेल, दान नको मला. टॅमलाही चालायचं नाही.”

“दान कसलं? तुलाही सही करायची आहे. तुझं घर मी घेणार, माझं तू. आणि तुझ्या खिडकीतून टेकड्या दिसतात, माझ्या खिडकीतून कोळशाची वखार. सोमवारी सकाळी मी कचेरीत जाते.”

“तुझी ड्यूटी असते सोमवारी.”

“जाते म्हटलं ना.”

खाली नेटांनी मला आपल्या दाराच्या मुठीला अडकवलं आणि माझ्यावरची धूळ पदराने पुसावी तशी ॲप्रनने पुसली.

मित्रांनो, मी एक पत्र्याची पाटी. कमावत्या माणसांनी सरकारी घरात राहावं की नाही, हा मोठ्या माणसांचा वाद मला मिटवता येत नाही. दोन्ही बाजूंनी खरं बोलणारी माणसं मी दारातून ऐकली आहेत. माझं एवढंच सांगणं आहे. जिथे चार जण मिळून राहतात तिथे आपल्या वाट्याची जागा जरूर घ्या, पण उरलेली अडवू नका. आणि आपल्या वाट्याचं काम पैसे देऊन दुसऱ्याकडून कितीही छान करवून घेतलंत, तरी शेजाऱ्याची पाळी मात्र त्याच्याकडे पोचू द्या. माझ्यासारखी एखादी वस्तू तुमच्या जिन्यात, गल्लीत, शाळेत असेल, तर तिला हलती ठेवा. आमची निगा म्हणजे तेवढीच. रंग उडाला तरी चालतो.

तो सोमवार ढगाळ होता. नेटांनी शनिवारी वरचे दोन मजले कसेबसे उरकले होते, आणि रविवार मध्ये आला म्हणून तळमजला राहिला होता. त्या शेवटच्या पायऱ्यांवर गुडघ्याखाली उशी घेऊन बसल्या होत्या. पायऱ्या ओल्या होत्या. वरून पावलांचा आवाज आला. इझबेल उतरत होती. गणवेशाऐवजी साधा कोट, डोक्याला रुमाल, हातात पिशवी. एवढ्या सकाळी ती मोटारीच्या किल्ल्या न घेता निघाली होती. महापालिकेची कचेरी चालत जाण्याच्या अंतरावर होती.

ओल्या पायरीपाशी ती थांबली. नेटांनी वर पाहिलं आणि बादली थोडी बाजूला ओढली. इझबेल भिंतीला लागून, चवड्यांवर, पुसलेल्या जागेवर पाय न देता एकेक पायरी उतरली. खालचं जड दार तिने आपटू न देता हाताने धरून लावलं, आणि रस्त्याला लागली.